सामायिकानंतरचा आकडा

मगदूम गुरुजी आयुष्यात एकाही तपासणीत कमी पडले नव्हते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत सहा शाळा झाल्या, आणि प्रत्येक शाळेत साहेब येऊन गेले की शेरेबुकात 'उत्तम' पडलेलं असायचं. त्यांची रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी भिंतींना चुना, वर्गात नवे तक्ते, हुशार पोरं पहिल्या दोन बाकांवर. शेवटच्या बाकावरच्या तीन-चार जणांना ते प्रेमानं सांगायचे, "उद्या घरीच थांबा रे, आईला मदत करा." यात आपण काही लबाडी करतो असं गुरुजींना कधी वाटलं नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरतोच की माणूस.

असा हा सरळमार्गी माणूस. निवृत्त होऊन जयसिंगपुरात राहत होता. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी त्रिशला निपाणीजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होती आणि तिथलाच इंजिनिअर असलेल्या अभिनंदनशी तिचं लग्न झालं होतं. लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा तिला प्रयोगशाळेचा जिना चढताना दम लागायला लागला. वर्षभर सगळ्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. मग एकदा ती जिन्यातच चक्कर येऊन बसली, आणि मिरजेच्या डॉक्टर निलोफर मुजावरांनी तिची पूर्ण तपासणी करून खरं नाव सांगितलं : फुप्फुसांच्या धमन्यांचा उच्च रक्तदाब.

डॉक्टरांनी गुरुजींना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो तो रक्तदाब निराळा. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमधला दाब त्याच्या मानानं फारच थोडा, साधारण पंधरा. वीसच्या वर गेला की आजार समजायचा. एवढा कमी दाब सोसायचा असल्यामुळं त्या धमन्यांच्या भिंती पातळ आणि मऊ असतात. काही कारणानं दाब वाढला की भिंत स्वतःला सावरायला जाड व्हायला लागते. तिच्यातल्या स्नायूंच्या पेशी वाढतात, थरावर थर चढतो. पण थर आतल्या बाजूनंही चढतो, त्यामुळं रक्ताची वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली की दाब आणखी वाढतो, आणि दाब वाढला की भिंत आणखी जाड होते. असंच चालू राहिलं तर भिंतीत चिवट तंतू भरतात, ती कडक होते, आणि तिच्यातून रक्त ढकलता ढकलता हृदयाचा उजवा कप्पा फुगून थकून जातो. त्रिशलाचा दाब छप्पन्न होता.

दहा वर्षांपूर्वी हे ऐकून गुरुजींनी हातपाय गाळले असते. पण आता, दोन हजार एकेचाळीस साली, नवीन यंत्र आलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढा एक मापक नळीतून नेऊन थेट फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत औषधाची एक चपटी डबी. हे औषध भिंतीतल्या वाढलेल्या स्नायूंच्या पेशींना मागे हटवायचं आणि भिंत हळूहळू पातळ करायचं. फक्त त्याचं प्रमाण सांभाळावं लागे. कमी पडलं तर भिंत वाढतच राहते, जास्त झालं तर इतकी विरते की रक्त झिरपायला लागतं. म्हणून रोज सकाळी पेशंटनं एका खास उशीवर वीस सेकंद पडायचं. उशी आतल्या दाण्याचा आकडा वाचून हॉस्पिटलच्या संगणकाला पाठवायची आणि तो संगणक त्या दिवसाचं औषध ठरवायचा. आकडा चांगला असेल तर मिरजेला खेपा घालायचंही कारण नव्हतं.

"डोळे उघडले की पहिलं काम हे," डॉक्टरांनी बजावलं होतं. "चूळ भरायच्याही आधी. रोज."

घरी करायला कुणीतरी हवं, अभिनंदनची तर गळीत हंगामाची धावपळ. म्हणून त्रिशला जयसिंगपूरला माहेरी आली आणि उशीचं खातं गुरुजींनी आपल्याकडे घेतलं.

पहिले बारा दिवस आकडा काही हलेना. चोपन्न, छप्पन्न, त्रेपन्न, पुन्हा छप्पन्न. गुरुजी तो वहीत उतरवायचे, मग अभिनंदनला फोन करायचे, मग निपाणीहून व्याह्यांचा फोन यायचा, मग सांगलीच्या मावशीचा. प्रत्येकाला 'छप्पन्न' सांगताना नापास मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवल्यासारखं त्यांना व्हायचं.

तेराव्या दिवशी चतुर्दशी होती. सकाळी उशी चार्ज नव्हती, रात्रभर वीज गेली होती. ती चार्जिंगला लावून गुरुजी म्हणाले, "तोवर सामायिक करून घे बाळ. पर्वाचा दिवस आहे."

सामायिक म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं, एका जागी स्थिर बसून जैनांनी समभावानं करायचं ध्यान. त्रिशला लहानपणी आईबरोबर बसायची. दम लागला तर लावायला घरी दिलेली ऑक्सिजनची नळी नाकाला लावून ती भिंतीला टेकून बसली, णमोकार मंत्र म्हणत श्वास संथ केला. अठ्ठेचाळीस मिनिटांनी उशीवर पडली. आकडा आला चव्वेचाळीस.

गुरुजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टर शेवटी डॉक्टर, त्यांना औषधापलीकडे काय दिसणार? दुसऱ्या दिवसापासून नियम ठरला. साडेसहाला सामायिक, ऑक्सिजन लावून. मग हाताला धरून हळूच उशीपर्यंत. बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. साडेसातला बटण. दिवाळीपर्यंत आकडा एक्केचाळीसवर आला, नाताळात अडतीसवर. संगणकानंही शाबासकी दिल्यासारखा संदेश पाठवला : प्रकृतीत सुधारणा, औषध कमी केले आहे. गुरुजींनी तो संदेश सगळ्या नातेवाइकांना पाठवला. निपाणीहून पेढ्यांचा डबा आला. सलग चार महिने आकडा चाळिशीच्या आत राहिला तर त्रिशलानं सासरी जायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तिचं सगळं लक्ष त्या एका गोष्टीकडे लागलं होतं. निपाणीच्या घरात अभिनंदननं तिच्यासाठी स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर आणून ठेवलं होतं.

जानेवारीत एका सकाळी ती म्हणाली, "अण्णा, काल आंघोळ झाल्यावर नुसते केस पुसताना दम लागला मला."

"असं कसं होईल? आजचा बघ की," गुरुजींनी वही पुढे केली. "सदतीस!"

तिनं वही बघितली. कारखान्यात रोज शंभर नमुने तपासणारी ती पोरगी. आकड्यावर तिचाही विश्वास होता.

"मग अशक्तपणा असेल," ती म्हणाली.

"असणारच. खातेस कुठं धड?"

दर रविवारी हॉस्पिटलचा एक फॉर्म भरायचा असे. 'दम लागतो का? खूप, थोडा, नाही.' गुरुजींनी क्षणभर विचार केला. हलली तर दम लागतो, पण आपण तिला हलूच देत नाही. त्यांनी 'नाही'वर बोट टेकवलं. त्या रविवारी तिचे घोटे जरा सुजले होते, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मोजे घट्ट असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

अक्षय्य तृतीयेला अभिनंदन न्यायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी गच्चीवर सांडगे वाळत घातले होते. ते निपाणीला न्यायचे म्हणून त्रिशला, अण्णा देवळातून यायच्या आत, जिना चढायला गेली. नवव्या पायरीवर तिची शुद्ध हरपली. गुरुजी आले तेव्हा ती पायऱ्यांवर आडवी होती, ओठ जांभळे पडले होते आणि रिकामी परात खाली अंगणात पडली होती.

मिरजेत दोन दिवस अतिदक्षता विभागात काढल्यावर ती शुद्धीवर आली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी गुरुजींना आपल्या खोलीत एकट्यांना बोलावलं. पडद्यावर एका धमनीचा आडवा छेद होता. बाहेर जाडजूड गोल कडं आणि मधे टाचणीनं टोचल्यासारखं भोक.

"ही तिची धमनी," डॉक्टर म्हणाल्या. "मला कळतच नाहीये. अडतीस, सदतीसच्या माणसाची भिंत अशी नसते. यंत्र तपासलं, मापक तपासला, सगळं ठीक आहे. रीडिंग कधी घेता, गुरुजी?"

गुरुजी खुर्चीत जरा सरळ झाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी त्यांच्या कामाबद्दल विचारत होतं.

"साडेसातला. एक दिवस चुकला नाही, मॅडम. साडेसहाला सामायिकाला बसवतो, अठ्ठेचाळीस मिनिटं पुरती, ऑक्सिजन लावूनच. मग हाताला धरून उशीवर. एकदम शांत झाली की मगच बटण."

डॉक्टरांच्या हातातलं पेन टेबलावर गेलं.

"आणि उठल्याबरोबर? मी सांगितलं होतं तसं?"

"उठल्याबरोबर घेतलं तर आकडा वाईट येतो," गुरुजी म्हणाले.

बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. खोलीत एसीचा आवाज येत होता. डॉक्टरांनी पडद्यावरचा छेद पुन्हा एकदा बघितला. रागावल्या असत्या तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

"ऑक्सिजननं या धमन्या सैल पडतात," अखेर त्या हळू बोलल्या. "स्थिर बसलं, श्वास संथ केला की हृदयाचं काम कमी होतं. दाब खाली येतो. तुमचा आकडा खोटा नव्हता गुरुजी, त्या वेळेपुरता खराच होता. पण ती उठली, केस विंचरले, दोन घास खाल्ले की पुन्हा साठ-पासष्ट होत असणार. भिंत तर ते सगळं सोसत होती. संगणकाला दिसला फक्त साडेसातचा आकडा. त्याला वाटलं भिंत पातळ होतेय, आता जास्त औषध दिलं तर विरेल. त्यानं औषध कमी करत आणलं. जानेवारीपासून ती एक तृतीयांश औषधावर आहे."

"मग वाढवा की आता," गुरुजी म्हणाले. "मी उठल्याबरोबर घेतो. रोज घेतो."

"वाढवलंय. पण मधल्या महिन्यांत भिंतीत तंतू भरलेत. हे औषध स्नायूवर चालतं, तंतूंवर नाही." त्यांनी पडदा बंद केला. "फुप्फुस बदलायच्या यादीत नाव घालते आजच. यादी मोठी आहे आणि तिचं हृदय किती दिवस ओढेल ते सांगता येत नाही. काही महिने, कदाचित." मग त्या म्हणाल्या, "मीही खूश होते. तिचा आलेख मी परिषदेत दाखवला. एकदा तुमच्या घरी फोन करून विचारावं, हे मला सुचलं नाही. तिला मी सांगू का?"

"नको. मी सांगतो."

म्हणाले खरे, पण सांगितलं नाही. बाहेर अभिनंदन उभा होता, त्याला म्हणाले, "थोडी गुंतागुंत झालीय." त्रिशलाला घरी आणलं, त्यालाही चार दिवस झाले; पहिले पाच दिवस औषध हॉस्पिटलातूनच ठरणार होतं, उशीची गरज नव्हती. ती झोपली की गुरुजी वही काढून बसायचे. आठ महिन्यांचे आकडे त्यांच्या वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नाही. अशी वही त्यांनी साहेबांना किती कौतुकानं दाखवली असती. आणि आता तीच वही त्यांना हातात धरवत नव्हती, कारण प्रत्येक ओळीत त्यांनी आपल्या पोरीचं औषध कमी केलेलं होतं.

पाचव्या सकाळी साडेसहाला त्रिशला सवयीनं उठून बसायला लागली.

"राहू दे, बाळ," गुरुजी म्हणाले. "सामायिक नको."

"का?"

त्यांनी सांगितलं. उभ्यानंच, हात पुढे बांधून, वर्गात उभं केलेल्या पोरासारखं. डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं, फॉर्ममधलं 'नाही' सांगितलं, घोट्यांची सूज सांगितली. काही महिने, हेही सांगितलं. त्रिशला ऐकत राहिली. तिच्या श्वासाचा बारीक आवाज येत होता.

"मी सांगत होते अण्णा तुम्हाला," ती म्हणाली. "केस पुसताना दम लागतो म्हणाले. भाकरी थापताना लागतो म्हणाले. तुम्ही वही पुढं करायचा. दम मला लागत होता की वहीला?"

गुरुजींची नजर वहीकडे गेली.

"आणि मी! ट्रॉलीतला वरचा चांगला ऊस काढून नमुना म्हणून देणाऱ्या माणसांना मी रोज परत पाठवत होते. मलाही कळलं नाही. निपाणीला जायचं होतं ना मला." ती रडायला लागली, पण रडायलाही दम पुरेना म्हणून थांबावं लागलं. गुरुजी पुढं झाले तसा तिनं हात वर केला. "नको. तिकडं थांबा. अभिनंदनला आत्ता फोन करा आणि जे मला सांगितलंत ते तसंच सांगा. आणि उद्या डोळे उघडले की उशी द्या."

दुसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडल्याबरोबर घेतलेला आकडा एकाहत्तर होता. गुरुजींनी तो वहीत लिहिला. सगळी हकिगत ऐकल्यावर अभिनंदननं दहा दिवस त्यांचा फोन घेतला नाही. अकराव्या दिवशी तो कारखान्याची रजा टाकून, कपड्यांची बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि सासऱ्याकडे न बघता आत गेला. पुढं त्यांच्यात बोलणं सुरू झालं ते औषधाच्या वेळांपुरतं, मग भाजीपुरतं. पूर्ण औषधानं आकडा थोडा खाली आला, पासष्टवर अडकला, पुन्हा चढला. यादीत तिच्या पुढं एकोणीस जण होते, ऑगस्टअखेर सतरा.

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी जैनांच्या घरात लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभरातल्या कळत-नकळत चुकांची क्षमा मागतात, आणि समोरचा माणूस क्षण न दवडता ती देतो. देण्यात फारसा विचार नसतो, रामराम घातल्यासारखंच ते होऊन गेलेलं असतं. त्रिशलाला आता तीन उशांना टेकून बसूनच झोपावं लागे. गुरुजी सकाळी तिच्यासमोर जमिनीवर बसले. बाप मुलीपुढं आधी हात जोडत नाही, पण त्यांनी जोडले.

"कळत आणि नकळत," ते म्हणाले. पुढचे शब्द लहानपणापासून पाठ होते, तरी ते आठवेनात. "मला क्षमा कर, बाळ."

त्रिशला त्यांच्याकडे बघत राहिली. अभिनंदन दारात चहा घेऊन थबकला.

"नाही हो झाली अजून, अण्णा," ती म्हणाली. "सण आहे म्हणून केली म्हणू का? म्हणते हवं तर."

"नको," गुरुजी म्हणाले. "तसं नको म्हणूस."

"मग रोज विचारा. असेल ते सांगेन."

तेव्हापासून रोज सकाळी उशीचं काम झालं की गुरुजी विचारायचे, आणि ती खरंच मनात डोकावून बघितल्यासारखी थांबून उत्तर द्यायची. कधी नुसती मान हलवायची. एकदा म्हणाली, "पहाटे जरा झाल्यासारखी वाटत होती. मग बाहेर शाळेला जाणाऱ्या पोरी दिसल्या आणि पुन्हा राग आला." एकदा तर हसली, "तुम्ही काल खीर इतकी गोड केली होतीत, थोडक्यात राहिली क्षमा करायची." गुरुजींनाही हसू आलं. मोरीत जाऊन त्यांनी तोंड धुतलं. तेहतीस वर्षांत कुणा साहेबापुढं लागली नव्हती एवढी भीती त्यांना रोज त्या प्रश्नाची वाटायची. पण एक दिवसही त्यांनी तो टाळला नाही, आणि उत्तर चांगलं यावं म्हणून आधी तिची समजूतही काढली नाही.

कार्तिकात, यादीत अकरा जण पुढं असताना, एका दुपारी त्रिशला गेली. अभिनंदननं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

पुढचे दहा-बारा दिवस माणसं येत होती. डॉक्टर मुजावर येऊन गेल्या, सांगलीची मावशी राहून गेली. गुरुजींनी कुणापासून काही लपवलं नाही. जो येईल त्याला सामायिकाची आणि आकड्याची हकिगत आधी सांगायचे, मग पाणी विचारायचे. ऐकणारे कानकोंडे व्हायचे आणि बहुतेक जण एकच बोलायचे. पोटची पोर ती, कधीच क्षमा केली असेल तिनं, गुरुजी.

अभिनंदन निघायच्या दिवशी बॅग भरून त्यांच्यापाशी येऊन बसला. त्याची दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते.

"अण्णा," तो म्हणाला, "मलाही वेळ लागला. पण आता माझ्या मनात काही नाही. आणि तिनंही तुम्हाला शेवटी माफ केलं असणार. शेवटच्या दिवशी मी अंघोळीला गेलो होतो तेव्हा विचारलं असेल ना तुम्ही? काय म्हणाली?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्या सकाळचं उत्तर फक्त गुरुजींनी ऐकलं होतं. अभिनंदनच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की नुसती मान हलवली असती तरी तो हलक्या मनानं निपाणीला गेला असता.

"नाही झाली म्हणाली," गुरुजी म्हणाले. "अजून नाही, अण्णा, असंच म्हणाली."

अभिनंदननं मान खाली घातली. गुरुजींनी राहिलेलंही सांगितलं.

"मग मी उठायला लागलो, तर माझं धोतर धरलं तिनं. म्हणाली, जाऊ नका, बसा इथंच."